बेटांवरचे खुजे मॅमथ: केवढे होते आणि केव्हाचे होते

प्रश्न असा आहे की, बेटांवर राहणारे खुजे मॅमथ प्रत्यक्षात किती उंचीचे होते, ते किती वर्षांपूर्वी होऊन गेले, आणि इजिप्तमधील पिरॅमिड बांधून झाल्यानंतरही असे खुजे मॅमथ एका बेटावर जिवंत होते, हे जे सर्रास वाचायला मिळते ते खरे आहे का.

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, जे मॅमथ सर्वांत खुजे होते ते फार प्राचीन होते, आणि जे सर्वांत शेवटपर्यंत टिकले ते खुजे नव्हते. ही दोन निरनिराळ्या बेटांवरची, लाखो वर्षांच्या अंतराने घडलेली निरनिराळी प्रकरणे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की गाईएवढा मॅमथ चार हजार वर्षांपूर्वी आर्क्टिकच्या बर्फात चरत होता, असे चित्र तयार होते. असा प्राणी कधी अस्तित्वात नव्हता. हत्तीवर्गीय प्राण्यांच्या दाढा आणि हाडे मोजण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे आणि या विषयावरील बहुतेक गोंधळ दोन साधे प्रश्न न विचारल्यामुळे होतो, असे माझे मत आहे. पहिला प्रश्न, सांगितलेली उंची कोणत्या हाडावरून काढली? दुसरा, सांगितलेले वय कोणत्या पद्धतीने ठरवले? खालचे सारे विवेचन या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

सुरुवात सर्वांत लहान मॅमथापासून करतो. भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाच्या वायव्य भागात मालेका नावाचे भूशिर आहे. तेथे 1904 मध्ये डोरोथिया बेट या ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ महिलेने लहान हत्तीच्या दाढा गोळा केल्या आणि 1907 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बराच काळ हा प्राणी सरळ सुळ्यांच्या हत्तीचा, म्हणजे पॅलिओलॉक्सोडॉन या वंशाचा खुजा वारस मानला जात असे, कारण भूमध्य समुद्रातील इतर बहुतेक खुजे हत्ती त्याच वंशातले आहेत. 2012 मध्ये व्हिक्टोरिया हेरिज आणि एड्रियन लिस्टर यांनी त्या दाढांचा नव्याने अभ्यास केला. हत्तीची दाढ म्हणजे उभ्या पट्ट्यांची एकापाठोपाठ एक रचलेली चळत असते. दाढ झिजली की प्रत्येक पट्ट्याभोवतीचे एनॅमल चघळण्याच्या पृष्ठभागावर लांबट वेटोळ्यासारखे उघडे पडते. ही वेटोळी किती रुंद आहेत, मध्यभागी फुगलेली आहेत का, एनॅमल किती जाड आहे आणि ठराविक लांबीत किती पट्टे बसतात, यावरून वंश ओळखता येतो. क्रीटच्या दाढांवरील नक्षी मॅमथांच्या आरंभीच्या प्रजातींशी जुळली आणि हा प्राणी मॅमथच असल्याचे ठरले. आज त्याला मॅम्युथस क्रेटिकस म्हणतात.

आकाराचे उत्तर मात्र दाढेतून मिळाले नाही. त्याच ठिकाणी हेरिज यांना पुढच्या पायाचे वरचे हाड, म्हणजे माणसाच्या दंडाशी जुळणारे हाड, सापडले आणि ते प्रौढ प्राण्याचे होते. त्यावरून खांद्यापाशी उंची सुमारे 1.13 मीटर आणि वजन सुमारे 310 किलो असा अंदाज निघाला. म्हणजे पूर्ण वाढ झालेला मॅमथ आपल्याकडच्या लहान चणीच्या गावठी गाईएवढा होता. आजवर ज्ञात असलेला हा सर्वांत लहान मॅमथ आहे.

वर मी ‘प्रौढ प्राण्याचे’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण खुजेपणाच्या प्रत्येक दाव्याची पहिली परीक्षा तीच असते. सस्तन प्राण्याच्या लांब हाडांची दोन्ही टोके वाढीच्या वयात मधल्या दांड्यापासून कूर्चेच्या थराने वेगळी असतात आणि वाढ संपत आली की ती दांड्याशी सांधली जातात. पिल्लाचे हाड जमिनीत पुरले गेले तर कूर्चा कुजून जाते, टोके गळून पडतात आणि दांड्याच्या शेवटी खडबडीत, उंचसखल पृष्ठभाग उरतो. प्रौढाच्या हाडावर फार तर सांध्याची एक पुसट रेघ दिसते. हाड हातात घेताच आधी हे तपासावे लागते, कारण सांधा न जुळलेले एक मीटर उंचीच्या प्राण्याचे हाड हे फक्त पिल्लाचे हाड असते आणि त्यावरून खुज्या प्रजातीबद्दल काहीही म्हणता येत नाही. दाढांमध्येही अशीच सोय आहे. हत्तीला जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात आयुष्यभरात एकूण सहा दाढा एकामागून एक येतात, मागून पुढे सरकतात आणि झिजून गळून पडतात. हातातली दाढ कितवी आहे हे कळले की प्राण्याचे वय अंदाजाने सांगता येते, आणि शेवटची दाढ वापरणारा प्राणी लहान असेल तर तो खराखुरा लहान होता याविषयी शंका राहत नाही.

दाढेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. शरीर खुजे होत जाते त्या प्रमाणात दाढा लहान होत नाहीत, त्या मागे राहतात. त्यामुळे केवळ दाढेच्या लांबीवरून उंची काढली तर ती प्रत्यक्षाहून जास्त येण्याचा धोका असतो. जुन्या लेखांतले आणि नव्या लेखांतले आकडे जुळत नाहीत, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. शक्य असेल तेथे पायाच्या लांब हाडांवरून काढलेली उंचीच ग्राह्य मानावी, असा माझा आग्रह राहील.

आता क्रीटच्या मॅमथाचे वय पाहू. ही हाडे रेडिओकार्बन पद्धतीच्या आवाक्याबाहेर आहेत. कार्बन-14 चे अर्धायुष्य 5,730 वर्षे असते आणि सुमारे 50,000 वर्षांनंतर मोजण्याजोगा कार्बन-14 शिल्लकच राहत नाही. म्हणून येथे वय अप्रत्यक्षपणे ठरवावे लागते. दाढांचे साम्य मॅम्युथस मेरिडिओनॅलिस किंवा त्याहूनही जुन्या मॅम्युथस रुमानस या प्रजातींशी आहे. त्यांतली पहिली युरोपातून नाहीशी झाली त्या सुमाराचा विचार केला, तर क्रीटवर मॅमथ पोहोचण्याची घटना सुमारे 8 लाख वर्षांहून अलीकडची असू शकत नाही, आणि दुसरी प्रजाती पूर्वज धरली तर ती 35 लाख वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते. एवढी रुंद मर्यादा पाहून वाचकाला असमाधान वाटणे स्वाभाविक आहे. तरीही प्रामाणिक उत्तर हेच आहे, आणि प्रस्तुत प्रश्नापुरते ते पुरेसेही आहे, कारण यातला अगदी अलीकडचा टोकाचा अंदाज घेतला तरी हा मॅमथ पिरॅमिडांच्या काळापासून काही लाख वर्षे दूर राहतो.

सार्डिनिया बेटावरील मॅम्युथस लामारमोराई हा दुसरा खुजा मॅमथ होय. त्याची उंची सुमारे 1.4 मीटर होती, तो स्टेपी मॅमथापासून, म्हणजे युरेशियाच्या मुख्य भूमीवरील एका मोठ्या मॅमथापासून, उत्क्रांत झाला असे मानले जाते, आणि त्याचे अवशेष मध्य व उत्तर प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळाच्या मधल्या व शेवटच्या भागातले आहेत. त्याची हाडे थोडीच मिळाली असल्यामुळे त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

या संदर्भात सिसिली, माल्टा आणि सायप्रस येथील खुज्या हत्तींची छायाचित्रे ‘खुजे मॅमथ’ म्हणून वारंवार प्रसिद्ध होतात. ते मॅमथ नव्हते. सिसिलीतील स्पिनागालो गुहेत पिल्लांपासून प्रौढांपर्यंत सर्व वयांच्या हत्तींची हाडे मोठ्या संख्येने मिळाली. तेथील पॅलिओलॉक्सोडॉन फाल्कोनेरी या प्रजातीचा प्रौढ नर खांद्यापाशी एक मीटरही भरत नव्हता, त्याचे वजन सुमारे 300 किलो होते आणि मादी त्याहून बरीच लहान होती. आज भारतीय हत्तीचे नवजात पिल्लू साधारण तेवढ्याच उंचीचे असते. ज्यांच्या नावावरून या प्रजातीला नाव मिळाले ते ह्यू फाल्कनर शिवालिक टेकड्यांतील जीवाश्मांच्या अभ्यासामुळे भारतीय जीवाश्मशास्त्रातही मोठे मानले जातात. मराठी वाचकांसाठी आणखी जवळचा दुवा असा की, या खुज्या हत्तींचा महाकाय चुलत भाऊ, पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस, नर्मदेच्या आणि आपल्या गोदावरीच्या गाळात सापडतो. नामाडिकस हे नावच नर्मदेवरून आले आहे. गोदावरीच्या गाळातील अवशेषांविषयी भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी 1905 मध्येच लिहिले होते. एकाच वंशातील एक शाखा मोकळ्या खंडावर चार मीटरच्या आसपास पोहोचली आणि दुसरी बेटावर एका मीटरच्या आत आली, यावरून खुजेपण वंशापेक्षा बेटाच्या परिस्थितीतून येते, हे लक्षात यावे.

बेटावर असे का होते, याची मुख्य कारणे आता बऱ्यापैकी मान्य झाली आहेत. चारा मर्यादित असतो, वाघ-सिंहासारखे मोठे शिकारी नसतात, त्यामुळे प्रचंड देहाचा संरक्षणासाठी होणारा उपयोग संपतो. दुष्काळी वर्षात कमी खाऊन भागणारा आणि लवकर वयात येऊन पिल्ले देणारा प्राणी टिकतो. मोठे प्राणी बेटावर लहान होतात आणि उंदरासारखे लहान प्राणी मोठे होतात, हा कल 1964 मध्ये जे. ब्रिस्टल फॉस्टर यांनी मांडला. बेटावर हत्ती पोहोचतात कसे, असेही अनेकदा विचारले जाते. हत्ती उत्तम पोहतात. अंदमानात लाकूड ओढण्यासाठी नेलेले हत्ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जात असत.

ज्या खुज्या मॅमथाविषयी सर्वांत चांगली माहिती आहे तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील चॅनल बेटांवरचा मॅम्युथस एक्झिलिस. सान मिगेल, सांता रोसा, सांता क्रूझ आणि अनाकापा ही आजची चार बेटे हिमयुगात समुद्रपातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली होती तेव्हा एकच सलग बेट होती. भूशास्त्रज्ञ त्याला सांतारोसाई म्हणतात. त्या काळीही ते मुख्य भूमीला जोडलेले नव्हते, फक्त मधली खाडी काही किलोमीटरांवर आली होती. कोलंबियन मॅमथ, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे मोठे मॅमथ, ती खाडी पोहून गेले आणि त्यांच्या वंशजांचा आकार घटत गेला.

1994 मध्ये सांता रोसा बेटाच्या किनाऱ्यावरील कड्यात या प्रजातीचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. लॅरी एजनब्रॉड यांच्या देखरेखीखाली त्याचे उत्खनन झाले. तो पन्नाशीच्या आसपासच्या नराचा होता, म्हणजे येथे पिल्लू की प्रौढ हा प्रश्नच उरला नाही. या प्रजातीची सरासरी उंची सुमारे 1.7 मीटर धरली जाते आणि वजन 760 किलोच्या आसपास. वजनाचा हा आकडा वाचकाला स्वतः तपासून पाहता येईल. कोलंबियन मॅमथाची उंची 4 मीटर आणि वजन साडेनऊ टन धरा. 1.72 भागिले 4 म्हणजे 0.43. उंची घटते तेव्हा लांबी आणि रुंदीही त्याच प्रमाणात घटतात, म्हणून वजनासाठी या संख्येचा घन घ्यावा लागतो, आणि तो 0.08 च्या आसपास येतो. साडेनऊ टनांचे आठ टक्के म्हणजे 760 किलो. उंची निम्म्याहून थोडी कमी होते तेव्हा वजन बाराव्या-तेराव्या हिश्शावर येते. ‘निम्म्या आकाराचा मॅमथ’ असे लिहिणाऱ्याने उंची म्हणायचे आहे की वजन, हे सांगितलेच पाहिजे, कारण दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

या बेटांवरील वयाचे आकडे दोन टोकांचे आहेत. सांता रोसावरील एका जुन्या सागरी पायरीच्या (पूर्वीच्या समुद्रकिनाऱ्याचा आज उंचावर राहिलेला सपाट टप्पा) थरात मिळालेला सुळा सुमारे 80,000 वर्षांपूर्वीचा आहे. ते वय सुळ्याचे थेट मोजमाप करून आलेले नाही. त्या काळच्या किनारपायऱ्यांतील प्रवाळांवर युरेनियम-थोरियम पद्धत वापरून पायरीचे वय ठरवले गेले. म्हणजे मॅमथ त्याच्याही आधी तेथे पोहोचले होते. दुसऱ्या टोकाला 1994 चा सांगाडा आहे, ज्याचे वय 12,800 रेडिओकार्बन वर्षांच्या आसपास आले. हा आकडा वृत्तपत्रांत ‘12,800 वर्षांपूर्वीचा’ असा छापला जातो, आणि येथेच घसरण होते. वातावरणातील कार्बन-14 चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून रेडिओकार्बन वर्षे झाडांच्या वलयांसारख्या स्वतंत्र पुराव्यांशी ताडून कॅलेंडर वर्षांत आणावी लागतात. तसे केले की हा सांगाडा सुमारे 15,000 वर्षांपूर्वीचा ठरतो. दोन हजार वर्षांचा हा फरक माणूस आणि मॅमथ समकालीन होते का या प्रश्नात निर्णायक ठरतो.

आता पिरॅमिडांची गोष्ट. सायबेरियाच्या उत्तरेस रँगल नावाचे सुमारे 7,600 चौरस किलोमीटरचे बेट आहे. हिमयुग संपताना समुद्र चढला आणि सुमारे 10,000 वर्षांपूर्वी हे बेट आणि त्यावरचे लोकरी मॅमथ मुख्य भूमीपासून तुटले. 1993 मध्ये वार्तान्यान, गारुट आणि शेर यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात येथील मॅमथांच्या दाढांची रेडिओकार्बन वये प्रसिद्ध केली आणि मॅमथ हिमयुगाबरोबर संपले ही समजूत एका फटक्यात मोडली. सर्वांत अलीकडचे अवशेष कॅलेंडर वर्षांत सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचे आहेत. गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्या सुमारे 500 वर्षे आधी पूर्ण झाला होता, म्हणून सर्रास वाचायला मिळणाऱ्या त्या विधानाचा पिरॅमिडांविषयीचा भाग खरा आहे. आपल्याकडे प्रवरेच्या काठी दायमाबादला ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत होती, त्याच शतकांत रँगलवर शेवटचे मॅमथ वावरत होते.

गोंधळाचे मूळ त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात आहे. काही दाढा लहान होत्या म्हणून तेथे ‘खुजे मॅमथ’ असा शब्दप्रयोग झाला. पुढे अधिक हाडे मिळाली आणि मोजली गेली, तेव्हा हे प्राणी मुख्य भूमीवरील लहान चणीच्या लोकरी मॅमथांच्या मर्यादेतच बसतात, त्यांना खुजी प्रजाती म्हणता येत नाही, असे दिसून आले. दाढेवरून आकार ठरवताना चूक वर सांगितली त्याच्या उलट दिशेनेही होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पण शीर्षक लोकांच्या लक्षात राहिले आणि दुरुस्ती तज्ज्ञांपुरती उरली.

रँगलवर सहा हजार वर्षे मिळूनही मॅमथ खुजे का झाले नाहीत, हा त्यापुढचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. सहा हजार वर्षे अपुरी पडतात असे सरसकट म्हणता येत नाही. इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावर लाल हरणांचे वजन जवळपास तेवढ्याच काळात सुमारे एक-षष्ठांशावर आले होते, असे लिस्टर यांनी 1989 मध्ये दाखवले. मात्र हरणाची पिढी काही वर्षांची असते आणि हत्तीची पिढी तीस वर्षांच्या आसपास. शिवाय 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार रँगलवर अडकलेल्या कळपाची संख्या एका टप्प्यावर फार तर आठ होती. ती लवकरच वाढून दोनशे-तीनशेवर गेली आणि अखेरपर्यंत तेवढीच राहिली. इतक्या विस्तीर्ण बेटावर एवढ्या थोड्या प्राण्यांना चाऱ्याची टंचाई भासली नसावी, आणि म्हणून लहान होण्याचा दबावही तेथे कमी असावा, असे माझे मत आहे.

खुजे होण्याला किती काळ लागतो याचे नेमके उत्तर मिळणे किती अवघड आहे, हे सिसिलीतील पुंताली गुहेच्या हत्तींवरून कळते. ते सुमारे दोन मीटर उंच आणि 1.7 टन वजनाचे होते, तर त्यांचे पूर्वज 3.7 मीटर उंच आणि दहा टनांचे. 2021 मध्ये त्यांचा डीएनए वाचला गेला. तरीही या बदलाला लागलेला काळ 1,300 वर्षांपासून 3,52,000 वर्षांपर्यंत काहीही असू शकतो असा हिशेब निघाला, म्हणजे दर पिढीला झालेली घट पाऊण किलो ते 200 किलो यांमध्ये कोठेही असू शकते. आकार बऱ्यापैकी सांगता येतो, त्या बदलाला लागलेल्या काळातली अनिश्चितता मात्र शेकडोपट असते.

अलास्काच्या नैऋत्येस, बेरिंग समुद्रातील सेंट पॉल बेटावरचे मॅमथही उशिरापर्यंत टिकले. तेही खुजे नव्हते. तेथील एका सरोवराच्या गाळाच्या गाभ्यात मॅमथांचा डीएनए आणि प्राण्यांच्या शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू सापडले. हे दोन्ही सुमारे 5,600 वर्षांपूर्वी नाहीसे होतात. त्याच थरांत सरोवर आटत चालल्याच्या, पाणी गढूळ आणि खारट होत गेल्याच्या खुणाही आहेत. समुद्र चढत होता, बेट आक्रसत होते आणि गोडे पाणी संपत होते. माणूस या बेटावर अठराव्या शतकापर्यंत पोहोचलाच नव्हता, त्यामुळे येथे शिकारीवर ठपका ठेवता येत नाही.

प्रश्नात विचारलेले नाही, पण पाठोपाठ हमखास विचारले जाते म्हणून लिहितो, की चॅनल बेटांवरील खरोखर खुज्या मॅमथांना माणसाने संपवले का. सांता रोसावरील आर्लिंग्टन स्प्रिंग्ज येथे 1959 मध्ये फिल ऑर यांना मिळालेली मानवी हाडे सुमारे 13,000 वर्षांपूर्वीची आहेत, आणि तेथील सर्वांत अलीकडच्या मॅमथाचे वयही त्याच्याच आगेमागे येते. दोन्ही वयांच्या त्रुटीमर्यादा एकमेकींवर पडतात. त्यामुळे दोघांची गाठ पडली असणे शक्य आहे, पण मॅमथाच्या एकाही हाडावर माणसाने कापल्याची निर्विवाद खूण आजवर मिळालेली नाही. त्याच काळात समुद्र चढून बेटाचे क्षेत्रफळ झपाट्याने घटत होते आणि हवामानाबरोबर वनस्पतीही बदलत होत्या. तेथील मॅमथांच्या अस्तित्वाच्या शेवटच्या दोन-तीन हजार वर्षांतली आणखी हाडे मिळून त्यांची वये आजच्या सुधारित रेडिओकार्बन पद्धतीने मोजली गेली, तर मॅमथ माणसाच्या आगमनापूर्वीच विरळ होत चालले होते की आगमनानंतर अचानक संपले, हे ठरवता येईल.